बैठक : स्वतःच्या पायांवर उठून उभे राहण्याचा व्यायाम

जमिनीवर मांडी घालून बसलेली व्यक्ती उठताना प्रथम भिंतीचा आधार घेऊ लागते, काही वर्षांनी पलंगाच्या कडेचा आणि अखेरीस घरातील कोणाच्या तरी हाताचा. हा बदल इतक्या सावकाश होतो की तो कधी सुरू झाला हे सांगता येत नाही. पंगतीऐवजी टेबलावर पान वाढले जाते, देवपूजेसाठी पाटाऐवजी खुर्ची येते आणि सगळे 'वयोमानानुसार' म्हणून स्वीकारले जाते. मात्र यामागे केवळ वय नसते. मांड्या आणि नितंब यांच्या स्नायूंचा वापर कमी होत गेल्याने त्यांचे बळ घटलेले असते, आणि योग्य व्यायामाने ते बऱ्याच अंशी परत मिळवता येते.

हे बळ देणारा सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा व्यायाम म्हणजे बैठक. व्यायामशाळांमध्ये तो आता 'स्क्वॉट' या नावाने ओळखला जातो. पैलवान आणि वजन उचलणारे खेळाडू यांचाच हा व्यायाम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक खुर्चीतून उठणे, जिना चढणे, खाली पडलेली वस्तू उचलणे आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयाचा वापर करणे या दैनंदिन क्रियांमध्ये बैठकीचीच हालचाल दडलेली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या दृष्टीने 'स्वतःचे स्वतः उठता येणे' हा खेळापेक्षाही स्वावलंबनाचा प्रश्न आहे.

तालमीपासून व्यायामशाळेपर्यंत

कुस्तीच्या तालमीत जोर आणि बैठका ही जोडी फार जुनी आहे. जोर मारल्याने छाती, खांदे व दंड कमावले जातात, तर बैठकांनी मांड्या भरतात आणि दम वाढतो, असे वस्ताद सांगत आले आहेत. हेलसिंकी येथील १९५२ च्या ऑलिंपिक स्पर्धेत कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव याच परंपरेतून पुढे आले. अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी देशी व्यायामप्रकारांचे पद्धतशीर शिक्षण दिले. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली 'व्यायाम ज्ञानकोश' हा अनेक खंडांचा मराठी ग्रंथ तयार झाला.

तालमीतील बैठक आणि व्यायामशाळेतील स्क्वॉट यांत एक महत्त्वाचा फरक आहे. तालमीतील बैठक वेगाने काढली जाते. खाली जाताना टाचा उचलल्या जातात, शरीराचा भार चवड्यांवर येतो, हातांना झोका दिला जातो आणि संख्या शेकड्यांत असते. त्यामुळे तिचा भर प्रामुख्याने दमसास आणि चिवटपणा यांवर असतो. स्क्वॉटमध्ये टाचा जमिनीला टेकलेल्या राहतात, हालचाल संथ असते, संख्या कमी असते आणि ताकद वाढेल तसे वजन वाढवले जाते. दोन्ही प्रकार आपापल्या जागी उपयुक्त आहेत. मात्र नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्यांसाठी, टाचा टेकवून काढलेली संथ बैठक अधिक सोयीची ठरते. तीत तोल सांभाळणे सोपे जाते आणि भार गुडघे व खुबे यांत विभागला जातो.

भारोत्तोलनातही या हालचालीला अनन्यसाधारण स्थान आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवताना मीराबाई चानू यांनी 'क्लीन अँड जर्क' प्रकारात ११५ किलो वजन उचलले. या प्रकारात खेळाडू वजन खांद्यांवर घेताना पूर्ण बैठकीत जातो आणि तेथून ते घेऊन उभा राहतो. उचलण्याची खरी कसोटी अनेकदा या उठण्यातच लागते.

एका बैठकीत शरीरात काय घडते?

बैठक काढताना घोटा, गुडघा आणि खुबा हे तीन सांधे एकाच वेळी वाकतात आणि एकाच वेळी सरळ होतात. मांडीच्या पुढील भागात 'क्वाड्रिसेप्स' हा चार स्नायूंचा समूह असतो. गुडघा सरळ करण्याचे काम तो करतो. नितंबातील 'ग्लुटियस मॅक्सिमस' हा शरीरातील सर्वांत मोठा स्नायू खुबा सरळ करून धड वर उचलतो. मांडीच्या आतील बाजूचे स्नायू त्याला साथ देतात, पोटऱ्या घोटा स्थिर ठेवतात आणि पाठीचे व पोटाचे स्नायू कणा ताठ राखतात. एकाच हालचालीत इतके मोठे स्नायू कामाला लागत असल्याने थोड्या वेळात पुष्कळ व्यायाम घडतो.

खाली बसण्याची क्रिया आपोआप होते आणि मेहनत केवळ उठताना लागते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात खाली जाताना हेच स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात आणि पडण्याचा वेग आवरून धरतात. जिना उतरताना किंवा खुर्चीत अलगद बसताना हीच शक्ती वापरली जाते. खुर्चीजवळ येताच 'धपकन' बसणारी व्यक्ती ही शक्ती गमावत चालली आहे, असे समजावे. म्हणूनच बैठकीत खाली जाण्याचा भाग घाईने उरकू नये.

या हालचालीचा दुसरा नियम तोलाचा आहे. शरीराचा गुरुत्वमध्य तळपायाच्या मध्यावर राहिला, तरच माणूस मागे न पडता खाली बसू शकतो. त्यासाठी नितंब मागे जातात तेव्हा धड काहीसे पुढे झुकावे लागते. ज्यांच्या मांड्या धडाच्या मानाने लांब असतात त्यांना अधिक झुकावे लागते. त्यामुळे प्रत्येकाची बैठक सारखी दिसत नाही आणि ती तशी दिसावी असा आग्रहही धरू नये. पाठीचा कणा सरळ असावा, याचा अर्थ धड काटकोनात उभे असावे असा नव्हे. झुकलेले धडही सरळ रेषेत असू शकते.

बैठक हा कमरेखालील संपूर्ण शरीराचा व्यायाम मानला जात असला, तरी त्याला एक मर्यादा आहे. मांडीच्या मागील बाजूचे 'हॅमस्ट्रिंग' स्नायू खुबा आणि गुडघा अशा दोन्ही सांध्यांवरून जातात. बैठकीत हे दोन्ही सांधे एकाच वेळी वाकत असल्याने या स्नायूंची लांबी फारशी बदलत नाही आणि त्यांना पुरेसा व्यायाम मिळत नाही. त्यासाठी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर वर उचलण्याचा सेतुबंधासारखा व्यायाम जोडीला करणे हितावह असते.

वय, स्नायू आणि स्वावलंबन

तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते. हे प्रमाण दर दशकात साधारणपणे ३ ते ८ टक्के असल्याचे मानले जाते आणि साठीनंतर घट अधिक वेगाने होते. वयाबरोबर होणाऱ्या या ऱ्हासाला अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. आजारपणात काही दिवस अंथरुणावर पडून राहावे लागले, तर ज्येष्ठांमध्ये ही घट एकदम वाढते. आजार बरा होतो, परंतु माणूस पूर्वीसारखा उठत नाही, या अनुभवाचे एक कारण हेच आहे.

ही घट अटळ असली तरी तिची गती आपल्या हाती आहे. अमेरिकेतील बोस्टन येथील एका संस्थेत राहणाऱ्या, सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा दुर्बल व्यक्तींवर करण्यात आलेला एक अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आठ आठवडे मांडीच्या पुढील स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम देण्यात आला. अभ्यास पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळून आले. हा व्यायाम बैठकीचा नव्हता, उपकरणावर बसून गुडघा सरळ करण्याचा होता. तरीही नव्वदीतही स्नायू व्यायामाला प्रतिसाद देतात, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

भारतीय वाचकांना विशेष जवळचा वाटेल असा दुसरा अभ्यास ब्राझीलमधील आहे. क्लॉडिओ गिल आराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ व्यक्तींना जमिनीवर बसून पुन्हा उठण्यास सांगितले. बसण्यासाठी पाच आणि उठण्यासाठी पाच असे एकूण दहा गुण ठेवण्यात आले. हात, गुडघा वा अन्य अवयवाचा आधार घेतल्यास प्रत्येक वेळी एक गुण आणि तोल डळमळल्यास अर्धा गुण कमी करण्यात आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कमी गुण मिळवणाऱ्यांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक होते. उठता न येणे हेच मृत्यूचे कारण ठरते, असा याचा अर्थ नाही. स्नायूंचे बळ, सांध्यांची लवचीकता आणि तोल या तिन्हींचा आरसा म्हणून या हालचालीकडे पाहिले पाहिजे.

आपली ताकद कशी ओळखावी?

घरच्या घरी करता येण्याजोगी एक सोपी चाचणी आहे. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर आडवे बांधून खुर्चीवर बसावे आणि ३० सेकंदांत हातांचा आधार न घेता किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. शेजारी एखादी व्यक्ती उभी असणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांच्या निकषांनुसार, ६० ते ६४ वर्षे वयोगटात पुरुषांसाठी १४ आणि स्त्रियांसाठी १२ पेक्षा कमी संख्या ही सरासरीहून कमी मानली जाते. ७० ते ७४ या वयोगटात हे आकडे अनुक्रमे १२ आणि १० आहेत, तर ८० ते ८४ या वयोगटात १० आणि ९ आहेत. संख्या यापेक्षा कमी भरल्यास पडण्याचा धोका अधिक असल्याचे समजले जाते. हे आकडे अमेरिकी लोकसंख्येवर आधारलेले असल्याने ते केवळ दिशादर्शक मानावेत. आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये वेगळा निकष सुचवला आहे. त्यानुसार, खुर्चीतून सलग पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर शारीरिक कार्यक्षमता कमी झाल्याचे ते लक्षण मानले जाते.

बैठक काढण्याची योग्य पद्धत

प्रारंभी पाच मिनिटे जागच्या जागी चालून, घोटे व खुबे हलकेच फिरवून शरीर सैल करावे. फरशी ओली वा गुळगुळीत नसावी. अनवाणी किंवा सपाट तळाच्या बुटांत व्यायाम करावा. मऊ, जाड तळाच्या पादत्राणांत पाय डगमगतो. साडी वा लुंगी पायांत येणार नाही याची काळजी घ्यावी.

१. दोन्ही पायांत खांद्यांइतके किंवा किंचित अधिक अंतर ठेवावे. चवडे सोयीनुसार थोडे बाहेरच्या दिशेला वळवावेत.

२. भार तळपायाच्या तीन बिंदूंवर, म्हणजे टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ यांवर सारखा राहावा.

३. दोन्ही हात समोर सरळ धरावेत. त्यामुळे तोल साधणे सोपे जाते. नजर समोर, काही फुटांवरील एखाद्या बिंदूवर स्थिर ठेवावी.

४. श्वास घेऊन पोट हलकेच आवळावे. मागे ठेवलेल्या पाटावर बसायचे आहे अशा रीतीने खुबे आणि गुडघे एकाच वेळी वाकवत, साधारण दोन ते तीन सेकंदांत खाली जावे.

५. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच जावेत. ते आत, एकमेकांकडे झुकू देऊ नयेत.

६. टाचा न उचलता आणि कंबर गोलाकार न होता जितके खाली जाता येईल तितकेच जावे. मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत जाता आले तर उत्तम, मात्र ती सक्ती नव्हे.

७. तळपायांनी जमीन दाबत, श्वास सोडत वर यावे. छाती आणि नितंब एकाच वेळी वर यावेत. नितंब आधी वर आल्यास कमरेवर ताण पडतो. वर आल्यावर गुडघ्यांना मागे झटका देऊ नये.

खाली जाताना टाचा उचलल्या जात असतील, तर दोष बहुधा मांड्यांचा नसून घोट्यांचा असतो. घोटा पुरेसा वाकत नसल्याने शरीर टाच उचलून वाट काढते. अशा वेळी टाचांखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीची फळी ठेवून बैठक काढावी आणि पोटऱ्यांचे ताण देण्याचे व्यायाम नियमित करावेत.

ज्यांना खाली बसताच येत नाही

ज्यांना आज एकही बैठक काढता येत नाही, त्यांनाच या व्यायामाची सर्वाधिक गरज असते. त्यांनी खालील पायऱ्या क्रमाने चढाव्यात.

पहिली पायरी खुर्चीची आहे. उंच खुर्चीवर किंवा खुर्चीवर उशी ठेवून बसावे. पाय किंचित मागे घेऊन धड पुढे झुकवावे आणि उठावे. आवश्यकता भासल्यास हातांनी मांड्यांवर दाब द्यावा. बसताना मात्र सावकाश बसावे. हाच व्यायाम पुढे हातांच्या आधाराविना आणि मग उशी काढून करावा.

दुसरी पायरी आधाराची आहे. खिडकीचे भक्कम गज किंवा जिन्याचा पक्का कठडा दोन्ही हातांनी धरून अर्धी बैठक काढावी. हात केवळ तोलासाठी असावेत, त्यांनी शरीर ओढून घेऊ नये.

तिसरी पायरी आधाराविना अर्ध्या बैठकीची आणि चौथी पूर्ण बैठकीची आहे. शरीराच्या वजनाने १५ ते २० बैठका सहज होऊ लागल्या की पाचव्या पायरीवर वजन घ्यावे. त्यासाठी व्यायामशाळेत जाण्याची गरज नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. त्यामुळे भरलेली बाटली किंवा पाच लिटरचा डबा छातीशी दोन्ही हातांनी घट्ट धरून बैठक काढता येते. खांद्यांवर लोखंडी दांडा घेऊन करावयाचा स्क्वॉट मात्र जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकावा.

एका पायरीवरून दुसरीवर जाण्यास दोन आठवडे लागोत वा दोन महिने, त्याने काही बिघडत नाही. पायरी गाळणे मात्र टाळावे.

किती आणि किती वेळा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोहोंवर भर देणारे विविध व्यायाम करावेत, असेही त्यात सुचवले आहे. चालणे हृदयासाठी उपयुक्त असले, तरी ते या व्यायामांची जागा घेऊ शकत नाही. रोज सकाळी तासभर फिरायला जाणाऱ्या अनेकांना जमिनीवरून उठताना त्रास का होतो, याचे उत्तर यात सापडते.

नवशिक्यांनी ८ ते १२ बैठकांचा एक फेर, असे दोन फेर एक दिवसाआड करावेत. दोन फेरांमध्ये एक ते दोन मिनिटे विश्रांती घ्यावी. शेवटच्या दोन बैठका कठीण वाटाव्यात, परंतु रीत बिघडू नये, ही योग्य मात्रेची खूण होय. संख्या सहज पूर्ण होऊ लागली की आधी खोली वाढवावी आणि नंतर वजन वाढवावे.

व्यायामानंतर एक ते तीन दिवस मांड्या दुखणे स्वाभाविक आहे. स्नायूंतील ही ठणक दोन्ही पायांत सारखी असते आणि आपोआप ओसरते. याउलट सांध्याच्या आत टोचणारी, एकाच बाजूची किंवा सूज आणणारी वेदना हा थांबण्याचा इशारा असतो.

व्यायामाला आहाराची जोड हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार, प्रौढांना दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने आवश्यक असतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. डाळी, उसळी, दूध, दही, अंडी, मासे यांतून ती मिळतात. भूक मंदावल्याने रात्री केवळ चहा-बिस्किटांवर भागवणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत याकडे विशेष लक्ष द्यावे.

गुडघ्यांविषयीचे समज आणि वस्तुस्थिती

'बैठकांनी गुडघे खराब होतात' हा सर्वाधिक प्रचलित समज आहे. त्याचे एक मूळ १९६१ मध्ये सापडते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाचे कार्ल क्लाइन यांनी खोल बैठकांमुळे गुडघ्यांचे अस्थिबंध सैल होतात, असा निष्कर्ष मांडला आणि अनेक ठिकाणी खोल बैठका वर्ज्य ठरल्या. नंतरच्या अभ्यासांमध्ये मात्र या निष्कर्षाला पुष्टी मिळाली नाही. निरोगी गुडघ्यांसाठी योग्य रीतीने आणि क्रमाक्रमाने केलेल्या खोल बैठका हानिकारक नसल्याचे आता मानले जाते.

दुसरा समज, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये, हा आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सात प्रशिक्षित पुरुषांच्या गुडघ्यांपुढे फळी उभी करून ते पुढे जाण्यापासून रोखण्यात आले. तेव्हा गुडघ्यांवरील भार सुमारे एक पंचमांशाने कमी झाला. परंतु खुब्यांवरील भार जवळपास दहापट वाढला आणि धड अधिक झुकले. म्हणजे भार नाहीसा झाला नाही, त्याने केवळ जागा बदलली. त्यामुळे टाच टेकलेली असताना गुडघा किंचित पुढे जाणे नैसर्गिक आहे. ज्यांच्या गुडघ्यांत वेदना आहे त्यांनी तो कमी पुढे नेणे आणि ज्यांची कंबर दुखते त्यांनी त्याला थोडी मोकळीक देणे श्रेयस्कर ठरते.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. बीजिंगमधील वृद्धांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तरुणपणी दररोज दीर्घकाळ उकिडवे बसणाऱ्यांमध्ये गुडघ्यांच्या संधिवाताचे प्रमाण अधिक आढळले होते. उकिडव्या स्थितीत तासन्‌तास बसून राहणे आणि काही मिनिटांचा, मधे विश्रांती असलेला व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतात खुरपणी करणाऱ्या किंवा बसून भांडी-धुणे करणाऱ्या स्त्रियांना 'तुमचा व्यायाम होतच आहे' असे सांगितले जाते, ते म्हणूनच योग्य नाही. त्यांच्या सांध्यांना भार मिळतो, परंतु स्नायूंना क्रमाने वाढणारा व्यायाम आणि विश्रांती मिळत नाही.

शिक्षा आणि व्यायाम यांतील अंतर

मराठी माणसाची बैठकीशी पहिली ओळख बहुधा कान धरून काढलेल्या उठाबशांतून होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा देण्यास मनाई आहे. या मनाईला वैद्यकीय आधारही आहे. सवय नसलेल्या व्यक्तीने एकाच वेळी शेकडो उठाबशा काढल्यास स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यांतील घटक रक्तात मिसळून मूत्रपिंडांना इजा पोहोचवू शकतात. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला 'रॅब्डोमायोलिसिस' म्हणतात. मांड्यांची असह्य वेदना व सूज आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी ही तिची लक्षणे होत. ती दिसताच विनाविलंब रुग्णालय गाठावे.

ही बाब केवळ शाळेपुरती मर्यादित नाही. पैज लावून किंवा पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात दोनशे-तीनशे बैठका काढणाऱ्या तरुणांनाही हाच धोका संभवतो. पैलवान हजारो बैठका काढत असल्याच्या कथा आपण ऐकतो. त्यामागील वर्षानुवर्षांचा सराव, खुराक आणि विश्रांती मात्र त्या कथांमध्ये येत नाही.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

उच्च रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखून बैठक काढू नये. कॅनडातील संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन्ही पायांनी अतिशय जड वजन ढकलणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब क्षणभर सरासरी ३२०/२५० पर्यंत पोहोचल्याची नोंद झाली होती. घरगुती बैठकीत इतका ताण येत नसला, तरी 'उठताना श्वास सोडणे' हा नियम सर्वांनी पाळावा.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, हर्निया, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर झालेला परिणाम, कमरेतून पायात उतरणारी कळ किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास वैद्यकीय सल्ल्यानेच प्रारंभ करावा. गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किती वाकायचे हे आपल्या शल्यचिकित्सकांना विचारावे. गर्भवती स्त्रियांनीही डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा. व्यायाम करताना छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा गुडघा अडकणे यांपैकी काहीही घडल्यास तत्काळ थांबावे.

आजपासून काय करता येईल?

बैठकीसाठी यंत्र लागत नाही, शुल्क लागत नाही आणि चटईइतकीच जागा पुरते. दिवसातून एकदा, दूरदर्शनवरील बातम्या पाहता पाहता, खुर्चीतून दहा वेळा हात न टेकता उठून बसणे ही सुरुवात पुरेशी आहे. घरातील ज्येष्ठांना उठताना हात देणे हे आपले कर्तव्य आहेच. त्याच्या जोडीला, त्यांना रोज काही वेळा आपल्या देखरेखीखाली स्वतःच्या बळावर उठू देणे हीही त्यांची सेवाच ठरेल. आणि ज्यांना आज सहज उठता येते त्यांनी ती क्षमता गृहीत धरू नये. जी हालचाल आपण रोज करतो, ती शरीर सहसा विसरत नाही.